फॅसिलिटी मॅनेजमेंटमधील अप्रेंटिसशिप : वर्ष कुठे घालवावे आणि त्यात काय शिकावे

सातारा जिल्ह्यातील एका शासकीय आयटीआयमधून वीजतंत्री हा दोन वर्षांचा व्यवसाय नुकताच पूर्ण केलेल्या तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे : पुण्यातील एका फॅसिलिटी मॅनेजमेंट (म्हणजे मोठ्या इमारतींची देखभाल व व्यवस्था पाहणाऱ्या) कंपनीने हिंजवडीच्या एका ऑफिस संकुलात एक वर्षाच्या अप्रेंटिसशिपसाठी बोलावले आहे, घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की हे झाडलोटीचे आणि वॉचमनगिरीचे काम, त्यापेक्षा कारखान्याची किंवा महावितरणची वाट पाहावी, एका नातेवाइकाने तर दुसऱ्या एजन्सीत थेट सुपरवायझर म्हणून लावून देण्याची तयारी दाखवली आहे. तेव्हा काय करावे, आणि या वाटेने पुढे फॅसिलिटी मॅनेजर होता येते का, असे त्याने विचारले आहे. मी स्वतः वीजतंत्री, मग अप्रेंटिस, मग शिफ्ट टेक्निशियन असाच वर आलो आणि आता इमारती चालवण्याबरोबरच त्या चालवणारी मुले तयार करण्याचे कामही करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फॅसिलिटी मॅनेजर होता येते. मात्र ते कंपनीच्या नावावर फारसे अवलंबून नसते. तुमच्या वाट्याला कोणती इमारत येते आणि त्या वर्षातले किती तास तुम्ही तिच्या प्लँट रूममध्ये, म्हणजे यंत्रांच्या खोलीत, घालवता, यावर बरेचसे ठरते. महावितरणमध्येच जायचे हे मनाशी पक्के असेल, तर तिथल्या अप्रेंटिसशिपसाठी अर्ज करावा, कारण वाहिन्यांवरचे काम इमारतीत शिकता येत नाही. पण तसे पक्के नसेल, तर केवळ घरच्यांच्या संकोचापायी हे बोलावणे सोडू नये.

घरच्यांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असेही नाही. साफसफाई आणि सुरक्षा हा या व्यवसायाचा मोठा भाग आहे. तुमच्याच जिल्ह्यातील रहिमतपूरच्या हणमंतराव गायकवाडांची बीव्हीजी ही कंपनी १९९७ साली पुण्यात हाऊसकीपिंगच्या कामातूनच उभी राहिली आणि पुढे राष्ट्रपती भवनासारख्या वास्तूंच्या देखभालीपर्यंत गेली. मात्र संकुलात येणाऱ्या माणसाला लॉबीतली चकाचक फरशी दिसते, तिच्याखालचे दोन मजले दिसत नाहीत. महावितरणकडून २२ केव्हीवर (२२,००० व्होल्टवर) येणारा पुरवठा, तो ४३३ व्होल्टपर्यंत उतरवणारे ट्रान्सफॉर्मर, डीजी सेट म्हणजे डिझेल जनरेटर, यूपीएस, एसीसाठी पाणी थंड करणारे चिलर आणि त्यांची उष्णता बाहेर सोडणारे कूलिंग टॉवर, पाण्याचे व आगीचे पंप, सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी, लिफ्ट, आणि या साऱ्यावर नजर ठेवणारी संगणकीय बीएमएस यंत्रणा हे सगळे तिथे चोवीस तास चालू असते. कारखान्यात अप्रेंटिसला बहुधा एखाद्याच विभागात ठेवतात. इमारतीत मात्र वीज, पाणी, हवा आणि आग या चारही गोष्टी एकाच शिफ्टमध्ये हाताखालून जातात. वीजतंत्र्याला याचा फायदा अधिक होतो, कारण यातली जवळजवळ प्रत्येक यंत्रणा शेवटी एखाद्या मोटरपाशी किंवा पॅनेलपाशी येऊन थांबते.

आता कागदपत्रांविषयी. खरी अप्रेंटिसशिप शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली होते. तुम्ही आणि आस्थापना यांच्यात करार होतो आणि तो केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवला जातो. ही नोंद नसेल, तर तुम्हाला ट्रेनी म्हणा की शिकाऊ म्हणा, कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अप्रेंटिस नसता आणि वर्षअखेरीस हाती प्रमाणपत्रही येत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही वेगळी गोष्ट आहे. तीही उपयोगी असली तरी तिला अप्रेंटिसशिप समजू नये. करारावरचे व्यवसायाचे नाव तर अवश्य वाचावे. तिथे वीजतंत्री असे लिहिलेले हवे. हा निर्दिष्ट व्यवसायांपैकी असल्याने शेवटी अखिल भारतीय परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवता येते. काही कंपन्या सोयीसाठी मुलांना एखाद्या ऐच्छिक व्यवसायात, म्हणजे ऑफिस सहायक किंवा हाऊसकीपिंग अशा नावाखाली नोंदवतात आणि राबवून घेतात मात्र इलेक्ट्रिकलच्या कामावर. अशा करारावर सही केली, तर दोन वर्षांच्या आयटीआयचा धागा तिथेच तुटतो.

विद्यावेतनाबाबत भ्रम नसावा. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय झालेल्या उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरले. केंद्रीय शिकाऊ परिषदेने २०२५ मध्ये ही किमान रक्कम ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केलेली आहे, म्हणून सही करण्याच्या दिवशी लागू असलेला आकडा पोर्टलवर पाहून घ्यावा. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेतून सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा उचलते आणि तो उमेदवाराच्या खात्यात थेट जमा होतो. त्यामुळे आधारशी जोडलेले बँक खाते आधीच तयार ठेवावे. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नव्हे. त्याला भविष्यनिर्वाह निधी लागू होत नाही आणि वर्ष संपल्यावर कायम करण्याचे बंधनही आस्थापनेवर नसते. काम करताना इजा झाल्यास भरपाईचा हक्क मात्र त्याच कायद्याने दिलेला आहे. हिंजवडीत खोली घेऊन, डबा लावून एवढ्या पैशांत महिना निघत नाही हे मी पुष्कळ मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून विद्यावेतनाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की साइटवर कँटीन आणि कंपनीची बस मिळते का. तो विचारताना संकोच करू नये.

इमारत पारखण्यासाठी माझी एक साधी पद्धत आहे. मुलाखतीनंतर विनंती करून साइटची प्लँट रूम दाखवायला सांगावी. नकार मिळाला, तर तोही उत्तरच समजावा. आत गेल्यावर सगळ्यात आधी भिंतीवर सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे इमारतीच्या वीजपुरवठ्याचा नकाशा, लावला आहे का ते पाहावे, आणि लावला असेल तर त्यातली फीडरची (वीज पुढे नेणाऱ्या वाहिन्यांची) नावे समोरच्या पॅनेलवरच्या नावांशी जुळतात का ते पाहावे. पॅनेलपुढे रबर मॅट आहे की खोकी रचून ठेवली आहेत, केबल ट्रेंचची झाकणे जागेवर आहेत का, पंपांच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) पाणी किती गळते आहे, आणि कुलूप लावून टॅग अडकवण्याची साधने कपाटात धूळ खात पडली आहेत की वापरून मळलेली आहेत, हे पाच मिनिटांत दिसते. मळलेली साधने पाहून मला बरे वाटते. मग शक्य झाल्यास लॉगबुक उघडून पाहावे. महिनाभराचे सगळे आकडे एकाच शाईत, एकाच हाताने आणि एकसारखे लिहिलेले असतील, तर त्या साइटवर शिकवणारे कोणी नाही असे खुशाल समजावे.

हे मी अनुभवावरून सांगतो आहे. अप्रेंटिस असताना एका संकुलात रात्रपाळीला आगीच्या पंपांचे वाचन घेण्याचे काम माझ्याकडे होते. तिथला जॉकी पंप दर काही मिनिटांनी चालू होत असे. जॉकी पंप म्हणजे हायड्रंटच्या (आग विझवण्याच्या पाण्याच्या) पाइपमधला दाब थोडा घसरला की तो पुन्हा भरून काढणारा छोटा पंप. तो सारखा चालू होत असेल, तर पाणी कुठेतरी झिरपते आहे असा त्याचा सरळ अर्थ असतो. कटकट नको म्हणून कोणीतरी त्याचा आणि त्याच्याबरोबर मुख्य पंपाचाही स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवून ठेवला होता. मी रोज आदल्या दिवशीचा आकडा उतरवून पुढे 'ठीक' असे लिहीत राहिलो. वरिष्ठांनी अचानक ड्रिल घेतली, तेव्हा वाल्व्ह उघडला, होजमधून थोडा वेळ पाणी आले आणि धार बसली, कारण पंप सुरूच झाला नाही. आग लागली नव्हती, हे आमचे नशीब. पुढे दोन दिवस शोध घेतल्यावर गळती बागेतल्या एका वाल्व्ह चेंबरमध्ये सापडली. दुरुस्ती किरकोळ होती. पण माझ्या सहीचे दीड महिन्याचे 'ठीक' त्या वहीत तसेच राहिले. तेव्हापासून वाचन घेताना मी आधी गेजकडे पाहतो आणि नंतर वहीकडे.

याला कायद्याची बाजूही आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. त्याला आमच्याकडे फॉर्म बी म्हणतात. तुमच्या वर्षात हे दोन्ही महिने येणार. एजन्सीची माणसे तपासणीला येतील, त्या दिवशी सुट्टी घेऊ नये. त्यांच्याबरोबर इमारतभर फिरावे. कोणता डिटेक्टर कोणत्या झोनमध्ये आहे, स्प्रिंक्लरचा लाल बल्ब ६८ अंशांना फुटतो म्हणजे काय होते, आगीच्या संकेतानंतर लिफ्ट तळमजल्यावर का येऊन थांबते, हे त्या एका फेरीत जितके समजते तितके वर्गात महिनाभर बसून समजत नाही.

विजेच्या कामात पहिले तीन-चार महिने तुम्हाला कदाचित ट्यूबलाइट, सॉकेट आणि एमसीबी यांपलीकडे कोणी जाऊ देणार नाही. त्याला अपमान समजू नये. पण त्यातच वर्ष संपणार नाही याची काळजी तुम्हीच घ्यायची आहे. शटडाऊन घेऊन, म्हणजे पुरवठा बंद करून, होणाऱ्या प्रत्येक कामाला मदतनीस म्हणून उभे राहावे. परमिट (कामाची परवानगी) कोण देतो, ब्रेकर बाहेर काढल्यावर कुलूप कोणाचे लागते आणि किल्ली कोणाच्या खिशात राहते, टेस्टरने खात्री कोणत्या क्रमाने करतात, हे डोळ्यांत साठवावे. किल्ली ज्याचे हात पॅनेलमध्ये आहेत त्याच्याच खिशात हवी. 'मी इथेच उभा आहे, तू कर' हे वाक्य या धंद्यात मी अनेकदा ऐकले आहे आणि त्यावर विश्वास ठेवून काम करण्यास मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मनाई केली आहे.

त्यानंतर वीजबिल वाचायला शिकावे. ही गोष्ट आयटीआयमध्ये फारशी शिकवत नाहीत आणि टेक्निशियनला मॅनेजर व्हायला तीच सर्वांत लवकर मदत करते. राज्यातील उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच या एककावर, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर, आकारणी होते. त्याचा अर्थ असा की पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) घसरला, तर तेवढ्याच कामासाठी मोजली जाणारी युनिटे वाढतात. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कॅपॅसिटर पॅनेलमधली दोन-तीन स्टेप बंद पडली, तरी इमारतीत कोणाला काही जाणवत नाही. त्याचा परिणाम दिसतो महिनाअखेरीच्या बिलात. त्याचप्रमाणे कराराने ठरलेली मागणी ओलांडली, तर दंडाचा आकार लागतो, म्हणून सकाळी सगळे चिलर एकदम चालू न करता टप्प्याटप्प्याने चालू करतात. मागच्या बारा महिन्यांची बिले मागून घ्यावीत आणि मागणी, युनिटे व पॉवर फॅक्टर यांचा एक तक्ता स्वतःच्या वहीत मांडावा. असा तक्ता घेऊन माझ्याकडे आलेला अप्रेंटिस मला आजवर एकदाच भेटला, आणि आज तो तीन इमारती सांभाळतो.

एसी हा तुमचा व्यवसाय नसला तरी चिलरशी मैत्री करावी. सर्वसाधारणपणे थंड पाणी ७ अंशांना बाहेर जाते आणि १२ अंशांच्या आसपास परत येते. हा फरक कमी होऊ लागला, की एएचयूचे (थंड हवा खेळवणाऱ्या यंत्राचे) कॉइल घाण झाले आहे, वाल्व्ह नको तितका उघडा राहतो आहे किंवा गरजेपेक्षा जास्त पाणी फिरते आहे, असे तीन-चार संशय घेता येतात. स्ट्रेनरच्या (पाइपमधल्या गाळणीच्या) दोन्ही बाजूंचे दाब पाहून तो तुंबला आहे का, हे न उघडता सांगता येते. 'साहेब, एसी थंड करत नाही' या तक्रारीवर धावत जाऊन थर्मोस्टॅट खाली करणारा टेक्निशियन आणि खाली जाऊन आधी हे दोन आकडे पाहणारा टेक्निशियन यांच्या पगारात पुढे मोठे अंतर पडते. डीजीविषयी एकच सांगतो : दर आठवड्याला त्याला नुसता बिनलोडचा फिरवून 'टेस्ट झाली' असे लिहिणे पुरेसे नाही, कारण सतत बिनलोड चालल्याने इंजिनात न जळलेले इंधन आणि काजळी साचत जाते. अधूनमधून त्याच्यावर खरा लोड टाकावाच लागतो.

एसटीपीच्या बाबतीत मात्र माझा सूर बदलतो. तिथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. एक लिटरच्या नळकांड्यात टाकीतले पाणी भरून तीस मिनिटांत गाळ किती बसतो हे पाहिले तरी त्या यंत्रणेची तब्येत कळते. परंतु टाकीत, मॅनहोलमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये तुम्ही उतरायचे नाही. पंप अडकला म्हणून, पाना पडला म्हणून, किंवा साहेबांनी सांगितले म्हणूनही नाही. सांडपाण्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच जाते आणि वास थांबला म्हणजे वायू गेला असे माणसाला वाटते. अशा दुर्घटनांत आधी उतरलेल्याला वाचवायला गेलेला दुसरा माणूसही दगावतो, हे वारंवार घडले आहे. संरक्षक साधनांविना माणसाला अशा सफाईसाठी उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अप्रेंटिसला नकार देणे जड जाते, हे मी जाणतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात, वेळ आलेली नसताना, आपल्या सुपरवायझरला शांतपणे सांगून ठेवावे की टाकीबाहेरचे कोणतेही काम सांगा, मी टाकीत उतरणार नाही.

हाऊसकीपिंगकडेही पाठ फिरवू नये. महिन्यातून एखादी सकाळ त्यांच्या सुपरवायझरबरोबर घालवावी. शंभर माणसांच्या हजेरीचे, रजांचे आणि बदल्यांचे गणित ती व्यक्ती वहीच्या एका पानावर कसे सोडवते, ते पाहण्यासारखे असते. पुढे मॅनेजर झाल्यावर तुमचा निम्मा दिवस त्याच गणितात जाणार आहे. शिवाय कोणत्या मजल्यावर छत पाझरते, हे बीएमएसच्या आधी फरशी पुसणाऱ्या मावशींना कळते.

पुढच्या वाटेबद्दल. वर्ष संपल्यावर परीक्षा द्यावी, प्रमाणपत्र आणि अनुभवाचे पत्र दोन्ही घ्यावीत, आणि राज्याच्या ऊर्जा विभागाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळणारा तारतंत्री परवाना व त्यापुढचे पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र यांच्या मागे लागावे. उच्चदाब पुरवठ्याच्या साइटवर परवाना असलेल्या माणसाला वेगळा मान असतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. घरची परिस्थिती असेल तर तोही मार्ग चांगला आहे, आणि पदविकेनंतर मुंबईच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळामार्फत अप्रेंटिसशिपची आणखी एक संधी मिळते. साइटवरचा क्रम साधारणपणे टेक्निशियन, मल्टिस्किल टेक्निशियन, शिफ्ट इंजिनिअर किंवा सुपरवायझर, सहायक मॅनेजर आणि मग मॅनेजर असा असतो. इफ्मा या फॅसिलिटी मॅनेजमेंटच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची एफएमपी ही पात्रता देखभाल, प्रकल्प, अर्थकारण आणि नेतृत्व या चार विषयांवर आहे. पण ती शिफ्ट इंजिनिअर झाल्यानंतर घ्यावी, त्याआधी तिच्यावर पैसे घालवू नयेत. इंग्रजीचा बाऊ करू नये. सुरुवातीला एवढेच पुरे की बिघाडाचा अहवाल चार वाक्यांत लिहिता यावा : काय झाले, किती वाजता, काय केले, आणि काय बाकी आहे.

नातेवाइकांनी देऊ केलेली सुपरवायझरची जागा माझ्या मते घेऊ नये. विशी गाठायच्या आत हातात रजिस्टर आणि वॉकीटॉकी घेऊन फिरणारी मुले मी पाहिली आहेत. पहिली दोन वर्षे त्यांचा पगार अप्रेंटिसपेक्षा चांगला असतो. मग एखाद्या रात्री पुरवठा जातो, डीजी लोड घेत नाही, टेक्निशियन त्यांच्या तोंडाकडे पाहतो आणि ते टेक्निशियनच्या. ज्याने स्वतः कधी केबलच्या टोकाला लग (धातूचा जोड) दाबून बसवलेला, म्हणजे क्रिंप केलेला नाही, त्याला दुसऱ्याचा सैल जोड ओळखता येत नाही.

तेव्हा सही करण्याआधी एक काम करा. एखाद्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास, सकाळची शिफ्ट संपून दुसरी सुरू होते त्या वेळी, परवानगी घेऊन त्या साइटवर जा. जाणारा टेक्निशियन येणाऱ्याला चालू बिघाड, घेतलेले शटडाऊन आणि बाकी कामे पॅनेलसमोर उभा राहून समजावून सांगत असेल, तर घरी फोन करून कळवा की तुम्ही रुजू होत आहात. दोघांची भेट फक्त हजेरीच्या मशीनपाशी होत असेल, तर त्याच कंपनीकडे दुसरी साइट मागा. बहुतेक कंपन्यांकडे ती असते.